आधी पेटी बाहेर काढा

कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्तीवाला पोरगा एक शब्द हमखास उच्चारतो, ‘फॉरमॅट’. डॉक्टरने ‘ऑपरेशन’ म्हणावे तसा हा शब्द आहे. ऐकणाऱ्याला त्यातले फारसे काही कळत नाही, पण मान मात्र लगेच हलते. मीही एकदा अशीच मान हलवली होती. त्या दिवशी माझ्या घरातले जे गेले, ते आजतागायत परत आलेले नाही. म्हणून हा अनुभव लिहीत आहे. वाचणाऱ्यांपैकी एका जरी घरातली ठेव यामुळे वाचली, तरी लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

मी घोडेगावची. नेवासा तालुक्यातले हे गाव नगरहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शनिशिंगणापूरला जाणारा फाटा आमच्याकडूनच फुटतो. शुक्रवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो आणि कांद्याच्या मार्केटमुळे रस्त्यावर ट्रॅक्टर-टेम्पोची रांग लागते. माझ्या पतींनी या मार्केटात पंचवीस वर्षे हमाली केली. मी रस्त्याकडेच्या एका लहानशा गाळ्यात टायपिंगचे आणि झेरॉक्सचे दुकान चालवते. शिष्यवृत्तीचे फॉर्म, नोकरीचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका, ग्रामपंचायतीला द्यायची निवेदने अशी कामे माझ्याकडे येतात.

हे काम मी कशी शिकले तेही सांगते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा वर्ग गावोगाव पोहोचला. २००३ साली मी तालुक्याच्या गावी जाऊन तो केला. वर्गात सगळी पोरे-पोरी विशीतली, मी एकटीच दोन लेकरांची आई. माउस धरताना हात थरथरायचा. तिथल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात एक वाक्य सांगितले होते, “आपले काम सी ड्राइव्हमध्ये ठेवू नका, डी ड्राइव्हमध्ये ठेवा.” मी ते वहीत लिहून त्याखाली रेघ मारली. ती रेघ पुढे माझ्या कामी आली नाही. का, ते पुढे येईलच.

२००६ साली आम्ही जुना, वापरलेला कॉम्प्युटर घेतला. त्यात विंडोज एक्सपी होते. पैसे हप्त्याने फेडले. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी पतींनी मार्केटातून येताना पावशेर पेढे आणले होते.

आमच्या दुकानात रोज संध्याकाळी माझे वडील यायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. चौथीपर्यंत शिकलेले, पण वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणार. स्टुलावर बसून ते माझ्या बोटांकडे बघत राहायचे. २००८ च्या हिवाळ्यात एकदा म्हणाले, “लोकांचं एवढं लिहिती, माझं लिहिशील का?”

मी हसून हो म्हटले. रोज शटर अर्धे ओढून तासभर आम्ही बसू लागलो. अण्णा सांगायचे, मी टाइप करायची. १९७२ च्या दुष्काळात ते खडी फोडायच्या कामावर होते. त्या दिवसांत परदेशातून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. कामावर सुकडी वाटली जायची. बायका लेकरांना साडीच्या झोळीत टांगून दगड फोडायच्या. ही सारी कामे पुढे रोजगार हमी योजना म्हणून ओळखली गेली, तिचा कायदा १९७७ साली झाला. पण अण्णांच्या तोंडी कायदा नव्हता, त्यांच्या तोंडी माणसे होती. त्यांच्या टोळीत एकेचाळीस जण होते. एके संध्याकाळी अण्णांनी डोळे मिटले आणि एकेकाचे नाव, गाव आणि नातेगोते सांगत गेले. मी क्रमांक टाकून लिहीत गेले. एकेचाळीस नावे पूर्ण झाली. अण्णा म्हणाले, “हजेरीपटावर आमचे नुसते अंगठे होते. आज पैल्यांदा नावं एका जागी आली.”

ती फाईल मी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच ठेवली होती. रोज उघडायची, रोज पुढे लिहायचे, म्हणून समोरच असलेली बरी. चौऱ्याण्णव पाने झाली होती.

२००९ च्या उन्हाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. मी काम करत होते. वीज गेली, आली, परत गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच उतरली होती. बदलायची म्हणून मी चार महिने टाळत होते, दोष माझाच. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला तर काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे. कुठलीशी फाईल हरवली आहे किंवा खराब झाली आहे, म्हणून विंडोज सुरू होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळला आणि एस.टी.त मांडीवर घेऊन नगरला गेले. दुकानातल्या पोराने पाहिले आणि म्हणाला, “मावशी, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकावं लागंल. काही महत्त्वाचं आहे का यात?”

त्याने विचारले होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्याच्यावर खापर फोडणे बरोबर नाही. मीच ताठ मानेने सांगितले, “सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे. सी खुशाल पुसा.” मला माझ्या शिक्षणाचा अभिमान वाटत होता.

दोन तासांनी कॉम्प्युटर चालू झाला. हिरव्या टेकडीचे, निळ्या आभाळाचे ते एक्सपीचे चित्र आले. आणि त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर एका कोपऱ्यात कचऱ्याची टोपली सोडून काहीही नव्हते. अण्णांची फाईल नव्हती.

तेव्हा मला कळले की पडद्यावर, म्हणजे डेस्कटॉपवर, जे दिसते ते डेस्कटॉपवर नसते. ते सी ड्राइव्हच्या आत एका कप्प्यात असते. ‘माय डॉक्युमेंट्स’ही तिथेच. मी रेघ मारून ठेवलेले वाक्य बरोबर होते. पण समोर दिसणारी वस्तू सी मध्ये आहे की डी मध्ये, हे मी कधी विचारले नव्हते.

पुढे आणखी एक गोष्ट कळली, ती तर जास्त लागली. साध्या फॉरमॅटने लिहिलेले सगळे लगेच पुसले जात नाही. पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पाने बरीचशी तशीच राहतात. त्याच वेळी थांबले असते तर जाणकार माणसाने त्यातले काही शोधून काढले असते. पण त्या पानांवरच नवीन विंडोज लिहिले गेले, त्यावर बाकीची सॉफ्टवेअर लिहिली गेली. एकदा वरून नवे लिहिले गेले की खालचे वाचता येत नाही.

अण्णांना सांगायला मला दोन दिवस लागले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “गेलं तर गेलं. परत सांगतो. मी काय मेलोय व्हय?”

आम्ही परत बसलो. पण भगिनींनो, परत सांगितलेले पहिल्यासारखे नसते. पहिल्या वेळी अण्णा आठवत आठवत सांगत होते, या वेळी ते आठवून सांगितलेले पुन्हा आठवू पाहत होते. मध्येच विचारायचे, “हे मागं सांगितलं होतं का गं?” मी हो म्हणायची आणि ते तो भाग सोडून पुढे जायचे. मी हो का म्हणत होते, याचा आज पश्चात्ताप होतो. चौऱ्याण्णव पानांची एकसष्ट पाने झाली. नावांची वेळ आली तेव्हा सव्वीस नावांवर अण्णा थांबले. दोन दिवस विचार केला, बोटे मोजली. सत्ताविसावे नाव आले नाही.

मी म्हटले, “राहू द्या अण्णा, सव्वीस तर सव्वीस.”

त्यावर ते म्हणाले, “ज्यांची नावं आठवंनात, त्यांनी काय खडी कमी फोडली व्हय?”

२०११ साली अण्णा गेले.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतले त्याकडे येते. मी शिकलेली माणूस नाही, म्हणून मला समजले तसे घराच्या भाषेत सांगते.

तुमचे पत्र्याचे घर आहे असे समजा. भिंती आणि पत्रे म्हणजे विंडोज. चूल, भांडी, शिलाई मशीन म्हणजे टायपिंगची, हिशोबाची सॉफ्टवेअर. आणि कोपऱ्यातली लोखंडी पेटी म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेले, काढलेले, जपलेले. वादळात पत्रे उडाले तर घर तीन तऱ्हांनी उभे करता येते. एक, जे पत्रे उडाले तेवढेच बदलायचे. चूल जागेवर, पेटी जागेवर. याला दुरुस्ती म्हणतात, म्हणजे आहे त्याच विंडोजवर तेच विंडोज पुन्हा टाकणे. दोन, त्याच जागेवर नवे घर बांधायचे आणि जुन्या घरातले सामान एका कोपऱ्यात रचून ठेवायचे. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये, फॉरमॅट न करता नवे टाकले तर जुने सगळे ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. त्यातून आपली पेटी उचलून घेता येते. पण ते सामान कायम राहत नाही. अलीकडच्या विंडोजमध्ये नव्या आवृत्तीवर गेल्यानंतर साधारण दहा दिवसांनी ते आपोआप झाडून टाकले जाते. आणि तीन, जागाच सपाट करायची. ते फॉरमॅट.

तिन्ही तऱ्हा आपापल्या जागी बरोबर आहेत. व्हायरस शिरला असेल, वाळवी लागावी तसे सगळे पोखरले असेल, तर सपाट करणेच बरे. पण तीन पत्रे उडाले म्हणून घर पाडत नाहीत. आणि पाडायचेच ठरले, तर आधी पेटी बाहेर काढतात. हे आपल्या आजीलाही कळत होते. कॉम्प्युटरपुढे बसलो की आपण ते विसरतो, कारण समोरचा इंग्रजी बोलतो आणि आपल्याला प्रश्न विचारायची लाज वाटते.

२०१४ साली जून महिन्यात तोच काळा पडदा पुन्हा आला. तीच पांढरी अक्षरे. माझ्या पोटात गोळा आला. या वेळी अण्णांची फाईल मी डी ड्राइव्हमध्ये ठेवली होती, शिवाय एका सीडीवर उतरवली होती. सीडी काढून शेजारच्या कॉम्प्युटरवर लावली तर ती वाचेना, चरे पडले होते. माझा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा, तेव्हा नगरला डिप्लोमाला होता. त्याला फोन केला.

तो आला आणि खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाला, “आत्या, यात तुझं काय काय आहे ते आधी कागदावर लिही.”

मी म्हटले, “सगळं डी मध्ये आहे.”

“डी म्हणजे काय वेगळी पेटी नाही गं. एकाच घराच्या दोन खोल्या आहेत. हार्ड डिस्क गेली तर सी पण गेली, डी पण गेली. आणि नवीन विंडोज टाकणाऱ्यानं चुकून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं तर?”

मी यादी केली. अण्णांची फाईल. गिऱ्हाइकांची वर्षभराची कामे. वस्तीतल्या मुलांचे फोटो आणि दाखले. लेकीच्या बारावीच्या नोट्स. भाच्याने एक सीडी घातली. त्या सीडीवरूनच लिनक्स नावाची दुसरी व्यवस्था चालू झाली, हार्ड डिस्कला धक्का न लावता. कुलूप लागलेल्या घराच्या खिडकीतून आत शिरावे तसे तो आत शिरला आणि यादीतली एकेक वस्तू पेनड्राइव्हवर काढली. अण्णांची फाईल मी त्याच्याकडून दोनदा उघडून घेतली. मग यादीवर खूण केली.

मग त्याने विंडोज एक्सपीची सीडी घातली. मी शेजारी वही घेऊन बसले. पहिल्या निळ्या पडद्यावर ‘दुरुस्तीसाठी आर दाबा’ असे येते. तो आर दाबायचा नसतो, तो दुसऱ्याच, जाणकारांच्या कामासाठी आहे. तिथे एंटर दाबायचे. करारनामा आला की एफ-८. मग यंत्र शोध घेते आणि सांगते की इथे आधीच एक विंडोज आहे. आता आर दाबायचा. पहिला आर सोडायचा, दुसरा धरायचा. नगरच्या त्या दिवशी माझ्याकडे ही माहिती असती, तर मी निदान विचारले असते की, “बाबा, दुसरा आर दाबून बघतोस का?”

पडद्यावर ३९ मिनिटे लागतील असे आले. ती ३९ मिनिटे पाऊण तासावर गेली. कॉम्प्युटरच्या अंगावर चिकटवलेल्या कागदावरचा पंचवीस अक्षरांचा क्रमांक मी वाचत गेले, भाचा टाइप करत गेला. आणि पडदा आला. या वेळी टेकडीच्या चित्रावर माझ्या सगळ्या फाईली जिथल्या तिथे होत्या. मराठीचे सॉफ्टवेअर चालत होते. प्रिंटरसुद्धा ओळखीचाच होता.

मी रडले. भाच्याला वाटले आनंदाने. पण मला ती पंधरा नावे आठवत होती. २००९ साली हेच झाले असते तर, असे वाटत होते.

भाचा जाताना म्हणाला, “आत्या, हे विंडोज एक्सपी बनवणाऱ्यांनी ८ एप्रिल २०१४ पासून सोडून दिलंय. आता याला नवीन दुरुस्त्या येणार नाहीत. यावर नेटचं काम करू नको. जमेल तसं दुसरं मशीन घे.” जमायला दोन वर्षे लागली.

२०१६ साली विंडोज १० असलेले दुसरे जुने मशीन घेतले. पेनड्राइव्ह लावला, अण्णांची फाईल उघडली, आणि काळजाचा ठोका चुकला. एकसष्ट पानांवर मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस, डॉलरच्या खुणा यांची खिचडी. पेटी वाचली होती, पण आतला कागद वाचता येत नव्हता.

याचे कारण टायपिंगचे काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे. कॉम्प्युटर मुळात इंग्रजीसाठी तयार झाला. त्यात मराठी आणण्यासाठी आपल्याकडे फार कष्ट झाले. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्टचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे सरकारी प्रमाणही १९९१ साली ठरले. पण छापखान्यांत आणि टायपिंगच्या दुकानांत निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट चालू लागले, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. यांतले बहुतेक फॉन्ट एक युक्ती करत. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवत. आपल्याला ‘क’ दिसतो, पण आत साठवलेले असते इंग्रजी अक्षर किंवा खूण. म्हणजे फॉन्ट हा चष्मा आहे. चष्मा असेपर्यंत मराठी दिसते. नवे मशीन आले, चष्मा जुन्या घरात राहिला, की खिचडी.

यावर उपाय आहे तो युनिकोडचा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची, तिच्यात आपली देवनागरी आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. ‘क’ चा क्रमांक ०९१५. तो क्रमांक दुसऱ्या कुठल्याही अक्षराला मिळत नाही. फॉन्ट बदला, मशीन बदला, फोनवर उघडा, ‘क’ हा ‘क’ च राहतो.

जुने मशीन अजून घरात होते. भाच्याने त्यातून फॉन्टची फाईल शोधून नव्या मशीनवर आणली आणि अण्णांचे शब्द पुन्हा दिसू लागले. पण तो म्हणाला, “आज चष्मा सापडला, दहा वर्षांनी सापडेल का?” म्हणून सगळे लेखन युनिकोडमध्ये बदलून घेतले. बदलणारे सॉफ्टवेअर असते, पण ते डोळे झाकून वापरायचे नाही. पहिली वेलांटी मागच्या अक्षराला जाऊन चिकटते, रफार जागा सोडतो, ‘मार्केट’चे ‘माकेर्ट’ होते. माझी लेक एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि मी दुरुस्त करायची. सव्वीस नावे आम्ही तिघांनी तीनदा तपासली. पंधरा गेलीच होती, निदान राहिलेल्यांत चूक नको.

आज फाईल चार जागी आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर, कपाटातल्या पेनड्राइव्हवर, ईमेलमध्ये, आणि कागदावर छापून वस्तीतल्या विहाराच्या पुस्तकांच्या कपाटात. कागदाला ना वीज लागते ना विंडोज.

हे आता लिहायचे कारण असे की विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. गावोगावच्या दुकानांत, शाळांत, घरांत जुनी मशीन पुन्हा एकदा खोलली जात आहेत आणि ‘फॉरमॅट’ हा शब्द पुन्हा ऐकू येत आहे. म्हणून चार गोष्टी सांगते.

दुरुस्तीवाला काहीही म्हणो, आधी कागद घ्या आणि त्या मशीनमध्ये तुमचे स्वतःचे काय आहे ते लिहा. सॉफ्टवेअर लिहू नका, ते पुन्हा मिळते. जे फक्त तुमच्याच घरी आहे ते लिहा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तिन्ही कप्पे सी मध्ये असतात हे विसरू नका.

ती यादी मशीनच्या बाहेर काढा आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. नुसती कॉपी झाली म्हणजे झाले असे नाही. माझ्या सीडीने मला ते शिकवले. मराठी फाईल असेल तर ती कुठल्या फॉन्टमध्ये आहे तेही लिहून ठेवा.

मग विचारा, “दुरुस्ती होते का, की सपाटच करायचे?” विंडोज १० आणि ११ मध्ये ‘रिसेट’ नावाची सोय आहे. तिथे ‘माझ्या फाईली ठेवा’ आणि ‘सगळे काढून टाका’ असे दोन पर्याय येतात. पहिला पर्याय निवडला तरी आपण टाकलेली सॉफ्टवेअर जातात, फाईली राहतात. म्हणजे पेटी राहते, चूल-भांडी जातात. हे आधी माहीत असले की नंतर धक्का बसत नाही.

आणि ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांनीही हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. तुमची पेटी तुमच्या मोबाईलमध्ये आहे. एखादे ॲप बिघडले की शेजारचे पोरगे म्हणते, “काढून परत टाक.” जुन्यावर नवी आवृत्ती टाकली, म्हणजे ‘अपडेट’ केले, तर आतले राहते. ‘अनइन्स्टॉल’ केले तर त्या ॲपने आपल्याजवळ ठेवलेलेही सहसा त्याच्याबरोबर जाते. व्हॉट्सॲप काढून परत टाकले तर जुने बोलणे तेव्हाच परत येते, जेव्हा आधी बॅकअप घेतलेला असतो. ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ ही दोन बटणे जवळजवळ असतात. पहिले केर काढते, दुसरे पेटी रिकामी करते. मुलीचा दाखला, सासूचा आवाज, मेलेल्या माणसाचा शेवटचा निरोप अशा वस्तू त्यात असतात. बोट ठेवण्याआधी विचारा. विचारल्याने कोणी लहान होत नाही. मी विचारले नाही, म्हणून पंधरा माणसे हरवली.

अण्णांच्या फाईलमध्ये एकसष्टाव्या पानावर नावांची यादी आहे. सव्वीस नावांपाशी ती थांबते. त्याखाली मी सत्तावीस ते एकेचाळीस असे आकडे टाकून ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. लेक म्हणाली, “मोकळ्या ओळी कशाला? काढून टाक की.” मी काढल्या नाहीत. दुकानात कोणी म्हातारे माणूस आले की मी आधी चहा सांगते आणि मग विचारते, “बाबा, बहात्तर साली कुठल्या कामावर होता?” अजून त्या टोळीतले कोणी भेटलेले नाही. पण परवा वडाळ्याकडच्या एका आजीबाईंनी त्यांच्या टोळीतली नऊ नावे सांगितली. ती मी नव्या पानावर, युनिकोडमध्ये टाइप केली आणि त्याच संध्याकाळी पेनड्राइव्हवर उतरवली.

तुमच्या घरात त्या कामांवर गेलेले कोणी असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. त्यांनी विचारले, “हे मागं सांगितलं होतं का?” तर नाही म्हणा. सगळे सांगू द्या. आणि लिहिलेले दोन ठिकाणी ठेवा.